किती पाने उठली? हवाईच्या लुआऊचा मागोवा

लग्नघरात दुपार कलली की कोणीतरी वडीलधारे आचाऱ्याला हटकून विचारतात, ‘‘किती पाने उठली?’’ विचारायचे असते किती माणसे जेवली ते, पण मोजली जातात पाने. केळीची पाने जाऊन पत्रावळी आल्या, पत्रावळींच्या जागी स्टीलची ताटे आली, आता तर उभ्याने जेवायची सोय झाली, तरी मोजमाप पानांचेच राहिले. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, पॅसिफिक महासागराच्या मधोमध असलेल्या हवाई बेटांवरही मेजवानीचे नाव असेच एका पानावरून पडले आहे. ‘लुआऊ’ हा शब्द आज जगभरच्या पर्यटकांच्या तोंडी आहे आणि तो उच्चारताच डोळ्यांपुढे येतात त्या फुलांच्या माळा, मशाली, हुला नाच आणि खड्ड्यात शिजलेले अख्खे डुक्कर. शब्दाचा मूळ अर्थ मात्र यांपैकी कशाशीच जुळत नाही. लुआऊ म्हणजे अळूचे कोवळे पान. आपल्या अळूवडीचे, लग्नाच्या पंगतीत मसालेभाताशेजारी वाढल्या जाणाऱ्या फदफद्याचे जे अळू, तेच हे. वनस्पतिशास्त्राच्या लेखी दोन्ही एकाच जातीचे. ते पान एवढ्या मोठ्या मेजवानीला नाव देऊन कसे बसले, आणि त्या पानाभोवतीची पंगत काळाबरोबर कशी बदलत गेली, याचा माग काढायचा तर आपल्याला साधारण हजार वर्षे मागे जाऊन एका होडीत बसावे लागेल.

ती होडी जोडहोडी होती. दोन लांब नावा आडव्या वाशांनी एकत्र बांधलेल्या आणि वर चटईच्या विणीचे शीड. इसवी सनाच्या साधारण 1000 ते 1200 या काळात पॉलिनेशियाच्या दक्षिणेकडील बेटांवरून अशा होड्या ताऱ्यांच्या, लाटांच्या आणि पक्ष्यांच्या आधाराने साडेतीन-चार हजार किलोमीटर उत्तरेकडे आल्या. त्यांत नुसती माणसे नव्हती, नव्या घराचा सगळा संसार होता: अळूचे कोंब, रताळी, केळीचे मुनवे, ऊस, नारळ, नीरफणस, आणि सोबत डुकरे, कुत्री व कोंबड्या. हवाईच्या ज्वालामुखी बेटांवर माणसाचे पोट भरेल असे फारसे काही उगवत नव्हते. मेजवानीचा जो काही शिधा पुढे शतकानुशतके टिकला, तो जवळजवळ सगळा या होड्यांतून उतरलेला. अळूला इथे ‘कालो’ म्हणतात. डोंगरातून येणाऱ्या ओढ्यांना पाट काढून, आपल्या भातखाचरांसारखी बांधबंदिस्तीची खाचरे करून तो लावला गेला. हवाईच्या भाषेत पाण्याला ‘वाई’ म्हणतात आणि संपत्तीला ‘वाईवाई’. ज्याच्या खाचरात पाणी खेळते तो श्रीमंत, एवढे साधे अर्थशास्त्र त्या एका शब्दाच्या द्विरुक्तीत आहे.

या कालोशी हवाईच्या माणसाचे नाते पिकाचे नाही, भावकीचे आहे. कथा अशी: आकाशपिता वाकेआ आणि होओहोकूकालानी यांचे पहिले मूल मृत जन्मले. ते घराजवळ पुरले आणि त्या जागी कालोचे रोप उगवले. दुसरे मूल जगले, त्याला थोरल्याचेच नाव ठेवले, हालोआ. तो माणसांचा मूळपुरुष. म्हणजे कालो हा माणसाचा थोरला भाऊ. धाकट्याने त्याची निगा राखायची, थोरल्याने धाकट्याला जेवू घालायचे, असा हा व्यवहार. मुख्य अळकुडीच्या अंगाला जी पिल्ले फुटतात त्यांना ‘ओहा’ म्हणतात, आणि कुटुंबाला ‘ओहाना’. अळकुडी भट्टीत शिजवून, लाकडी पाटावर दगडी बत्त्याने कुटून, थोडे थोडे पाणी लावत जो जांभळट-करडा चिकट लगदा होतो तो ‘पोई’. तो बोटांनी खातात. किती बोटांनी उचलला जातो त्यावर त्याची प्रत ठरते: घट्ट असेल तर एका बोटाची पोई, मध्यम असेल तर दोन बोटांची, पातळ असेल तर तीन बोटांची. दोन-तीन दिवस ठेवला की तो आंबतो, आणि जाणकारांना तो तसाच आवडतो. पोईच्या भांड्यावरचे झाकण काढले की घरात भांडण करायचे नाही, असा जुना दंडक आहे. थोरला भाऊ पानावर आलेला असताना धाकट्यांनी आवाज चढवायचा नसतो.

पाने मात्र जपून शिजवावी लागतात. अळू खाजते हे आपल्याला कोणी सांगायला नको. पानांत आणि कंदात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. आपण चिंच किंवा आमसूल घालून त्यावर उतारा काढला. हवाईत आंबट घालत नाहीत, ते वेळ देतात. पाने तासन्तास शिजवतात आणि मग नारळाच्या घट्ट रसात कोंबडी किंवा ऑक्टोपससोबत मुरवतात. याच पदार्थाचे नाव लुआऊ. त्याच पानांत मांस आणि मासे गुंडाळून केलेली पुरचुंडी म्हणजे ‘लाउलाउ’. हे सगळे ज्यात शिजते त्या भट्टीला ‘इमू’ म्हणतात, आणि ती पेटवण्याची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. जमिनीत खड्डा खणतात, तळाशी लाकडे रचतात, वर लाव्हाचे सच्छिद्र काळे दगड. दगड निवडणे हे कसबाचे काम, कारण ओढ्यातला गुळगुळीत दगड आत ओल धरून असतो आणि तापला की फुटून उडतो. दगड पांढुरके होईतो तापले की ते सारखे करून त्यांवर ठेचलेले केळीचे खांब पसरतात, म्हणजे वाफ सुटते. त्यावर टी नावाच्या झुडपाची रुंद पाने अंथरतात (चहाशी या टीचा काही संबंध नाही). मग डुक्कर, ज्याच्या पोटातही तापलेले दगड भरलेले असतात. आणि त्याच्या बाजूने अळकुड्या, रताळी, नीरफणस. वर पुन्हा पाने, चटया आणि शेवटी माती. मातीतून कुठे वाफ निसटताना दिसली की तिथे आणखी एक फावडे माती टाकायची. सहा-आठ तासांनी किंवा रात्रभराने भट्टी उघडली की मांस हाडावरून आपोआप सुटते. आपल्या रायगडकडच्या पोपटीशी या वाफेचे लांबचे नाते लावायला हरकत नाही.

जुन्या हवाईत अशा जेवणाला लुआऊ म्हणत नसत. शब्द होता ‘आहाआइना’, म्हणजे अन्नासाठी भरलेली सभा. आणि सभेची निमित्ते पुष्कळ. पहिले मूल जन्मले की लगेच त्याच्या वाटेतले काटेकुटे दूर व्हावेत म्हणून ‘मावाएवाए’चे जेवण, हुलाचे शिक्षण पुरे झाले की त्याचे वेगळे, आणि माणूस गेल्याला वर्ष झाले की ‘आहाआइना वाइमाका’, अश्रूंची मेजवानी. वर्षश्राद्धाला जमून शेवटी गोड घास खाऊन उठणाऱ्या आपल्या माणसांना ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. सगळ्यांत मोठा काळ माकाहिकीचा. सूर्य मावळताना पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका उगवू लागला की त्यानंतरच्या चंद्रदर्शनापासून तो धरला जाई. आपला कार्तिक महिनाही याच कृत्तिकांवरून ओळखला जातो, त्यामुळे दोन्हीकडचे पंचांग एकाच आकाशाकडे पाहून बनले आहे हे आपल्या लक्षात येते. हे चार महिने लोनो या पाऊस आणि सुगीच्या देवाचे. युद्ध बंद, शेतसारा गोळा, कुस्त्या आणि खेळ, आणि खाणे.

मात्र या खाण्यात एक रेघ ओढलेली होती. तिचे नाव ‘आई कपू’, म्हणजे जेवणाचा निर्बंध. स्त्रियांनी आणि पुरुषांनी एकत्र जेवायचे नाही. पुरुषांचे जेवणघर वेगळे, स्त्रियांचे वेगळे, भट्ट्याही वेगळ्या. डुकराचे मांस, नारळ, केळ्यांचे बहुतेक वाण आणि काही उंची मासे स्त्रियांना वर्ज्य. स्वयंपाक पुरुषांनी करायचा, पोई पुरुषांनी कुटायची, दोन भट्ट्या पेटवायच्या त्याही पुरुषांनी. स्त्रियांच्या वाट्याला वेगळी भट्टी आणि अपुरे ताट. निर्बंध मोडला तर देहान्त शासन होऊ शकत असे. आपल्याकडे एकाच पंगतीत वाढताना केलेल्या भेदाला पंक्तिप्रपंच म्हणतात. इथे तर पंक्तीच दोन होत्या, आणि त्यांच्या मधल्या अंतरावर सगळी धर्मव्यवस्था आणि राजसत्ता उभी होती. म्हणूनच, जेव्हा ही व्यवस्था कोसळली, तेव्हा ती एका जेवणात कोसळली.

त्या जेवणाकडे जाणारा रस्ता जानेवारी 1778 मध्ये सुरू होतो. कॅप्टन जेम्स कुकची जहाजे काउआई बेटाला लागली आणि लोखंडी खिळ्यांच्या बदल्यात डुकरे, रताळी व कालो घेऊन गेली. वर्षभराने, जानेवारी 1779 मध्ये, कुक मोठ्या बेटावरच्या केआलाकेकुआ उपसागरात आला तेव्हा माकाहिकी चालू होता. अनेक इतिहासकारांच्या मते म्हणूनच त्याचे स्वागत लोनोच्या थाटात झाले. सण संपल्यावर तो निघाला, पण पुन्हा परतला आणि 14 फेब्रुवारीला तिथेच मारला गेला. पण कुकच्या लोकांनी लिहून ठेवलेली एक बारीक गोष्ट आपल्या कथेत महत्त्वाची आहे: जहाजावर आलेल्या स्त्रिया, आसपास आपल्यातले कोणी नसले की, डुकराचे मांस खात. देव कोपला नाही. पुढच्या चाळीस वर्षांत जहाजे वाढत गेली, आणि परक्या लोकांना सगळे मिसळून जेवताना आणि तरीही धडधाकट राहताना सगळे पाहत होते. पहिल्या कामेहामेहाने बेटे एका छत्राखाली आणली. तो जिवंत असेतो कपू टिकला. 8 मे 1819 रोजी तो वारला.

त्याच्या मागे गादीवर आला मुलगा लिहोलिहो, विशी-बाविशीचा. खरा कारभार मात्र दोन स्त्रियांच्या हाती होता. एक काआहुमानू, राजाची लाडकी राणी, जिने आपला सत्तेतला वाटा उघडपणे मागून घेतला. दुसरी केओपूओलानी, लिहोलिहोची जन्मदात्री, कुळाने इतकी पवित्र की तिच्यापुढे राजानेही नमावे. काआहुमानूला निर्बंध नको होता. केओपूओलानीने तर बोलण्याऐवजी करूनच दाखवले: आपल्या धाकट्या मुलाला, पाच-सहा वर्षांच्या काउइकेआओउलीला, जवळ बसवून ती त्याच्यासोबत जेवली. हा मुलगा आपण लक्षात ठेवू, तो पुढे पुन्हा भेटणार आहे. लिहोलिहो चाचरत होता. अखेर नोव्हेंबर 1819 मध्ये काइलुआ इथे मोठी मेजवानी मांडली गेली. युरोपीय पद्धतीची दोन टेबले, एक पुरुषांसाठी, एक स्त्रियांसाठी. सगळे बसल्यावर राजा उठला, टेबलांभोवती काय हवे-नको पाहिल्यासारख्या दोन-तीन फेऱ्या मारल्या, आणि एकाएकी स्त्रियांच्या टेबलापाशी मोकळ्या खुर्चीवर बसून जेवू लागला. पाहणाऱ्यांनी लिहिले आहे की तो भराभरा खात होता, पण आतून हादरलेला दिसत होता. क्षणभराने टाळ्या पडल्या आणि पुकारा झाला, ‘आई नोआ’, मुक्त जेवण. जेवण उरकताच राजाने मंदिरे पाडण्याचा आणि मूर्ती जाळण्याचा हुकूम दिला, आणि मुख्य पुरोहित हेवाहेवा स्वतः त्याच्या बाजूने उभा राहिला. चुलतभाऊ केकुआओकालानी जुन्या धर्मासाठी उठला, आणि डिसेंबरात कुआमोओच्या लढाईत शेकडोंसह पडला. त्याची पत्नी मानोनो त्याच्या शेजारी लढत मेली. ज्या निर्बंधाने तिला नवऱ्याच्या पंगतीत बसू दिले नव्हते, त्याच निर्बंधासाठी ती त्याच्या बरोबरीने रणात उभी राहिली. त्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल 1820 मध्ये, अमेरिकी मिशनऱ्यांचे जहाज काइलुआला लागले, तेव्हा मोडायचा तो धर्म आधीच मोडलेला होता.

पंगत एक झाली तशी ती अफाटही झाली. 1823 साली मोठ्या बेटाची पायी परिक्रमा करणाऱ्या विल्यम एलिस या मिशनऱ्याने लिहून ठेवले आहे, की गव्हर्नर कुआकिनीने काआहुमानू आणि काउआईचा राजा काउमुआलिई यांना दिलेल्या एका मेजवानीत आउना नावाच्या ताहितीच्या धर्मशिक्षकाने भाजलेली कुत्री मोजली, ती चारशे भरली. ही कुत्री पोईवर वाढवलेली असत. आज तो पदार्थ पंगतीतून कधीच गेला, पण ‘पोई डॉग’ हा शब्द उरला: मिश्र जातीचे गावठी कुत्रे, आणि थट्टेने, चार वंशांचे रक्त असलेला माणूस. जे गेले त्यापेक्षा जे आले ते अधिक. व्हँकूव्हरने 1793 च्या सुमारास आणलेली गुरे रानोमाळ माजली आणि त्यांचे वाळवलेले मांस ‘पिपी काउला’ म्हणून पानात बसले. अननस मारीन नावाच्या स्पॅनिश माणसाने 1813 मध्ये लावल्याची त्याच्याच रोजनिशीत नोंद आहे. साल्मन मासा हवाईच्या समुद्रात नाही. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरून हडसन्स बे कंपनीची जहाजे तो खारवून पिंपांतून आणत. बाहेरून आलेल्या कांदा-टोमॅटोबरोबर तो हाताने चुरून, जणू अंग रगडावे तसा मळून ‘लोमी साल्मन’ झाला, आणि आज त्याच्याशिवाय ‘पारंपरिक’ हवाई ताट पुरे होत नाही. भट्टीचे सरपणसुद्धा पाहुणे आहे. आपल्या वेड्या बाभळीच्या गोतातला कियावे हा वृक्ष 1828 मध्ये होनोलुलूच्या कॅथलिक मिशनच्या आवारात प्रथम लावला गेला.

आता तो लक्षात ठेवलेला मुलगा परत येतो. भाऊ लिहोलिहो आणि त्याची राणी 1824 मध्ये लंडनला गोवराने वारली, आणि आईच्या ताटात जेवलेला काउइकेआओउली तिसरा कामेहामेहा झाला. फेब्रुवारी 1843 मध्ये लॉर्ड जॉर्ज पॉलेट या ब्रिटिश अधिकाऱ्याने तोफा रोखून बेटे बळकावली. पाच महिन्यांनी ॲडमिरल रिचर्ड थॉमस याने 31 जुलै रोजी राज्य परत केले. तो दिवस राष्ट्रीय सण झाला. 31 जुलै 1847 च्या वर्धापनदिनी राजाने नुउआनूच्या खोऱ्यात हजारो प्रजाजनांना जेवू घातले, आणि त्या शिध्याची यादी सुदैवाने उरली आहे: 271 डुकरे, पोईची 482 मोठी भांडी, 602 कोंबड्या, 3 अख्खे बैल, 3125 खारवलेले आणि 1820 ताजे मासे, 82 टर्की, 2245 नारळ, 4000 अळकुड्या. यादीत साडेबारा पिंपे ‘लुआऊ आणि कोबी’ अशीही एक नोंद आहे. तिथे लुआऊ अजून फक्त पानभाजी आहे. बैल, टर्की, कोबी हे पाहुणे आणि कालो, नारळ, डुक्कर हे होडीतले जुने, एकाच हिशेबात नांदत आहेत. आणि जेवणाचा अर्थही पालटला आहे: पूर्वी जे अन्न देव आणि सरदार यांच्याकडे जाई, ते आता राज्य आपल्या हाती आहे या आनंदात राजाकडून रयतेकडे येते.

पानभाजीचे नाव मेजवानीला चिकटले ते यानंतर. ‘पॅसिफिक कमर्शियल ॲडव्हर्टायझर’ हे होनोलुलूचे वृत्तपत्र 1856 मध्ये सुरू झाले आणि त्याच वर्षी त्यात ‘लुआऊ’ हा शब्द मेजवानी या अर्थाने आलेला आढळतो. प्रत्येक पंगतीत हटकून असणारा पदार्थ, म्हणून त्याच्या नावाने पंगत. ‘आहाआइना’ मागे पडला. याच दशकांत बेटांवर दोन उलटसुलट प्रवाह वाहत होते. देवी, गोवर आणि इतर साथींनी मूळ हवाईवासीयांची संख्या घटत घटत 1890 च्या शिरगणतीत सुमारे 40 हजारांवर आली. दुसरीकडे उसाच्या मळ्यांना हात हवे होते: 1852 पासून चिनी, 1868 पासून जपानी, 1878 पासून मदेरा बेटांवरचे पोर्तुगीज मजूर येऊ लागले. चिन्यांच्या पारदर्शक शेवयांनी कोंबडीच्या रश्शात जागा पटकावली. 1879 साली ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजातून मदेराचे सुतार जे छोटे तंतुवाद्य घेऊन उतरले, त्यातून युकुलेली घडले आणि लुआऊला आपला आवाज मिळाला. ऊस मात्र पंगतीच्या मुळावर आला. 1876 पासून माउईत हमाकुआचा कालवा खोदून ओढ्यांचे पाणी मळ्यांकडे वळवले गेले, आणि खाली कालोची खाचरे भेगाळली.

या पडत्या काळात लुआऊला राजप्रतिष्ठा देणारा शेवटचा पुरुष म्हणजे राजा डेव्हिड कालाकाउआ. मळ्यांसाठी माणसे मिळवावीत आणि जगातले दरबार पाहावेत म्हणून तो 1881 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. अशी प्रदक्षिणा पुरी करणारा तो पहिला राज्यकर्ता, आणि त्या वाटेवर त्याने कलकत्ता आणि मुंबईही पाहिली. परतल्यावर 12 फेब्रुवारी 1883 रोजी त्याने राज्याभिषेक करून घेतला आणि 1830 मध्ये काआहुमानूने बंदी घातलेला हुला राजवाड्याच्या अंगणात उघडपणे नाचवला. सनातनी गोऱ्यांचा इतका तिळपापड झाला, की हुलाची कार्यक्रमपत्रिका अश्लील म्हणून ती छापण्यावरून खटला झाला. 1886 च्या नोव्हेंबरात त्याची पन्नाशी साजरी झाली तेव्हा लुआऊ आणि हुला दोन्ही हातात हात घालून आले. 3 फेब्रुवारी 1889 रोजी वाइकिकीला झालेल्या एका लुआऊचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. जमिनीवर अंथरलेल्या नेच्यांच्या पानांवर भांडी मांडलेली, दाटीवाटीने बसलेले पाहुणे, त्यांत राजा, त्याची बहीण लिलिउओकालानी आणि ‘ट्रेझर आयलंड’चा लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. स्त्री-पुरुष खांद्याला खांदा लावून बसले आहेत. सत्तर वर्षांपूर्वी याच बसण्याला देहान्त शासन होते, हे त्या चित्रात कोणाच्याही चेहऱ्यावर दिसत नाही.

17 जानेवारी 1893 रोजी लिलिउओकालानीला पदच्युत केले गेले, 1898 मध्ये अमेरिकेने बेटे खालसा केली. राजा गेला, आता हजारोंना जेवू घालणार कोण? उत्तर दोन दिशांनी आले. एक दिशा घराकडची: चर्चची जेवणे, लग्ने, आणि बाळाचा पहिला वाढदिवस. साथींच्या काळात मूल वर्षाचे होणे हीच मोठी बातमी असे. जन्मवेळच्या जुन्या मेजवानीची ओढ या वाढदिवसाच्या लुआऊत उतरली. दुसरी दिशा बंदराकडची. जेम्स डोलने 1901 मध्ये अननसाची कंपनी काढली आणि जाहिरातींनी अननसाला हवाईचे चिन्ह करून टाकले. 1927 मध्ये वाइकिकीवर रॉयल हवाईयन हे गुलाबी हॉटेल उघडले आणि आगबोटीतून येणाऱ्या पाहुण्यांसाठी लुआऊ कार्यक्रमपत्रिकेत शिरला. दोन दिशा मधेच कुठे कुठे मिळतही. लाइए गावचे मॉर्मन प्रार्थनाघर 1940 मध्ये जळाले, ते पुन्हा बांधण्यासाठी 1948 पासून गावकऱ्यांनी रापण ओढण्याचा आणि जेवणाचा कार्यक्रम पाहुण्यांना तिकीट लावून दाखवायला सुरुवात केली. गाव स्वतःसाठी जे करत होते, तेच आता दुसऱ्यांनी पाहण्यासाठी करू लागले. 1963 साली याच गावात पॉलिनेशियन कल्चरल सेंटर उभे राहिले.

1959 मध्ये हवाई अमेरिकेचे पन्नासावे राज्य झाले, जेट विमाने उतरू लागली, आणि 1961 च्या ‘ब्लू हवाई’ चित्रपटाने उरलेसुरले काम केले. तिकिटाच्या लुआऊला एक भव्य शेवट हवा होता. तो सापडला पेटत्या सुऱ्यांच्या नाचात, पण हा नाच हवाईचा नाही, सामोआचा. तिथल्या युद्धसुरीच्या नृत्याला आगीची जोड दिली फ्रेडी लेटुली या सामोअन नर्तकाने, 1946 मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत. आणि ही कल्पना त्याला एका भारतीय अग्निभक्षक खेळकऱ्याला पाहून सुचली असे सांगतात. सामोआची सुरी, भारतीय खेळकऱ्याची आग, ताहितीचे वेगवान ढोल, चिनी शेवया, अमेरिकी मासा, आणि या सगळ्याला नाव हवाईचे. यावर नाक मुरडणे सोपे आहे. पण 1847 ची यादी वाचून आलेल्या आपल्याला मिसळण्याचे नवल वाटू नये. ही पंगत नेहमीच मिसळती होती. बदलले ते बसण्याचे नाते. या पंगतीत एका बाजूला जेवणारे आणि दुसऱ्या बाजूला जेवू घालणारे. यजमानाला पाहुण्यासोबत बसता येत नाही, कारण त्याला नाचायला जायचे आहे. 1819 मध्ये मिटलेली रेघ वेगळ्या जागी पुन्हा ओढली गेली.

ती पुसण्याचे काम 1970 नंतर सुरू झाले, आणि सुरुवात पुन्हा होडीतूनच झाली. 1976 मध्ये ‘होकूलेआ’ ही जुन्या धर्तीची जोडहोडी होकायंत्राशिवाय ताहितीला गेली. पूर्वजांची आठवण म्हणून तिच्यात रोपे, डुक्कर, कुत्रा आणि कोंबड्याही होत्या. भाषेच्या शाळा निघाल्या, पडीक खाचरांत लोक पुन्हा चिखलात उतरले. थोरल्या भावाचे नाते किती जिवंत आहे याची परीक्षा लवकरच झाली. हवाई विद्यापीठाने करपा रोगाला तोंड देणारे कालोचे तीन वाण तयार करून 2002 मध्ये त्यांचे पेटंट घेतले. संकर करण्याला फार कोणाचा आक्षेप नव्हता. पण भावाची मालकी कोणाच्या नावावर कशी लागेल, हा प्रश्न घेऊन शेतकरी विद्यापीठाच्या दारात गेले आणि 2006 मध्ये विद्यापीठाने ते हक्क सोडून दिले. हाताने कुटलेली पोई आरोग्यनियमांच्या कचाट्यात सापडली होती, तिला 2011 मध्ये विधिमंडळाने वेगळा कायदा करून विक्रीची वाट मोकळी केली. 2016 मध्ये माउईतला शेवटचा साखर कारखाना थांबला आणि 2018 मध्ये पूर्व माउईतल्या अनेक ओढ्यांना त्यांचे पाणी परत देण्याचा आदेश निघाला.

आज आपण एखाद्या शनिवारी ओआहूच्या गावकुसाच्या वस्तीत गेलो तर मंडप दिसेल, घडीची टेबले, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि मधोमध एक वर्षाचे झोपाळलेले बाळ. रात्रभर मामा-काका भट्टीपाशी जागलेले असतात, मावश्या-आत्यांनी लाउलाउच्या पुरचुंड्या बांधलेल्या असतात, आणि नारळाच्या रसाची घट्ट वडी, हाउपिया, पातेल्यांतून थापलेली असते; पूर्वी ती पिया नावाच्या कंदाच्या तवकिरासारख्या सत्त्वाने धरे, आता मक्याच्या सत्त्वाने धरते. ज्यांनी रांधले तेच जेवतात, जे जेवतात तेच मांडव आवरतात, आणि निघताना प्रत्येकाच्या हातात उरलेल्याचा एक डबा असतो. पण या मेजवानीचे खरे वय मंडपात कळत नाही, ते खाचरात कळते. कालो काढताना शेतकरी अळकुडी कापून घेतो आणि वरचा देठाचा तुकडा, ‘हुली’, तसाच चिखलात परत खोचतो. कालो बियांनी नव्हे, याच तुकड्याने वाढतो. म्हणजे बाळाच्या पंगतीत आज वाढलेले जुन्या वाणाचे पान हे होडीतून उतरलेल्या त्याच रोपाचे, कापून खाल्लेले आणि पुन्हा लावलेले, हजारदा. केओपूओलानीच्या ताटात तेच, 1847 च्या साडेबारा पिंपांत तेच. किती पाने उठली, असा हिशेब इथे घालायचा झाला तर उत्तर एकच निघेल: एक. तेच पान, अजून वाढले जाते आहे.